शिक्षकी व्रताचें पाचारण आणि त्याची पारख

ज्या घरांतील मुलें कॅथलिक संस्थांच्या शाळांतून शिकलीं त्या घरांत 'फादर' व 'सिस्टर' हे दोन शब्द चांगलेच परिचयाचे असतात. 'ब्रदर' हा तिसरा शब्दही कानावरून गेलेला असतो. परंतु त्याचा नेमका अर्थ क्वचितच कोणास ठाऊक असतो. ब्रदर म्हणजे फादर होण्याच्या वाटेवरचा उमेदवार, अशी एक समजूत आहे. ब्रदर म्हणजे अभ्यासांत मागें पडल्यामुळें फादर होऊं न शकलेला मनुष्य, अशी दुसरी. धर्मगुरुपदासाठीं शिकत असलेल्या तरुणालाही आपल्याकडे ब्रदर म्हणूनच हाक मारतात, त्यामुळें हा घोटाळा अधिकच वाढतो.

वस्तुस्थिति निराळी आहे. धर्मगुरु होण्यासाठीं बिशपाच्या हातून दीक्षासंस्कार घ्यावा लागतो, आणि मग मिस्सा अर्पण करणें, पापनिवेदन ऐकणें हीं कामें त्याच्याकडे येतात. ब्रदर हा संस्कार घेत नाहीं. ब्रह्मचर्य, अपरिग्रह आणि आज्ञापालन अशीं तीन व्रतें तो जाहीरपणें घेतो, आपल्यासारख्या इतर व्रतस्थांच्या समवेत एका घरांत राहतो, आणि संस्थेनें नेमून दिलेलें काम जन्मभर करतो. कोणी ब्रदर रुग्णांची शुश्रूषा करतात, कोणी शेती किंवा छापखाना संभाळतात. मुलांना शिकविणें हेंच ज्यांनीं आपलें व्रत मानिलें अशा ब्रदरांचा विचार येथें करावयाचा आहे. अशा ब्रदरांच्या शाळा आपणांस दूरच्या नाहींत. दिल्लीची सेंट कोलंबा शाळा आणि गोव्यांतील चिखलीची रेजिना मुंडी शाळा आयरिश परंपरेच्या ख्रिश्चन ब्रदरांनीं चालविल्या. मुंबईच्या बोरिवली उपनगरांत माउंट पोइंसर येथें फ्रान्सिस्कन मिशनरी ब्रदरांची शाळा आहे.

अशा जीवनाकडे एकादा तरुण ओढला जातो तेव्हां प्रश्न साधा राहात नाहीं. वीस-बावीस वर्षांचा मुलगा घरीं येऊन सांगतो कीं, मला ब्रदर व्हावयाचें आहे. वडिलांची भिस्त त्याच्या नोकरीवर असते. आईनें मनांतल्या मनांत सून पाहण्यास आरंभ केलेला असतो. वसईकडील किंवा गोव्यांतील श्रद्धाळु कॅथलिक घर असलें तरीही, मुलगा फादर होणार म्हटल्यावर जो अभिमान वाटतो तो येथें पुष्कळदां वाटत नाहीं. 'मग फादरच कां नाहीं?' असें विचारलें जातें. मुलाला त्याचें उत्तर नीट देतां येत नाहीं. मनांत उठलें आहे तें खरें पाचारण कीं क्षणिक उमाळा, हें त्याचें त्यालाच ठाऊक नसतें. चूक दोन्ही बाजूंनीं होऊं शकते. नसलेलें पाचारण आहे असें मानल्यास तारुण्याचीं वर्षें वायां जातात. आणि असलेलें पाचारण भीतीनें नाकारल्यास त्याची रुखरुख म्हातारपणापर्यंत पुरते.

पाचारण या शब्दाचा साधा अर्थ बोलावणें. परमेश्वर प्रत्येक मनुष्यास कोणत्या ना कोणत्या कामासाठीं बोलावितो, अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे. संसार हेंही पाचारणच. परंतु मठवासी जीवनाच्या संबंधांत हा शब्द आला कीं, लोकांच्या डोळ्यांपुढें आकाशवाणी, स्वप्नदृष्टांत किंवा विजेसारखा झालेला साक्षात्कार उभा राहतो. असें कांहीं आपणांस घडलें नाहीं म्हणून कित्येक तरुण निराश होतात, व असें कांहीं घडल्याचा भास झाला म्हणून कित्येक घाई करतात. या दोघांनींही ज्यांचें चरित्र मुद्दाम पाहावें असे पुरुष म्हणजे शिक्षक-ब्रदरांच्या परंपरेचे एक आद्य प्रवर्तक, फ्रान्समधील ज्याँ-बाप्तीस्त द ला साल हे होत. त्यांच्या आयुष्यांत आकाशवाणी नाहीं. आहेत त्या एकामागून एक पुढें आलेल्या अडचणी, आणि त्या अडचणींना दिलेलीं प्रामाणिक उत्तरें.

ला साल यांचा जन्म ३० एप्रिल १६५१ रोजीं रीम्स शहरीं एका सधन व प्रतिष्ठित कुटुंबांत झाला. घरांत ते सर्वांत वडील. १६६७ सालीं, अवघ्या पंधराव्या वर्षीं, त्यांना रीम्सच्या कॅथेड्रलमध्यें 'कॅनन' हें मानाचें व उत्पन्नाचें पद मिळालें. धर्मगुरुपदाच्या शिक्षणासाठीं ते पॅरिसला गेले. पण १६७१ मध्यें आई व १६७२ मध्यें वडील वारल्यानें धाकट्या भावंडांचा भार अंगावर घेऊन त्यांना परतावें लागलें. पुढें १६७८ सालीं ते धर्मगुरु झाले. येथपर्यंत त्यांच्या आयुष्याची वाट सरळ होती. घराणें, विद्या, पद व पैसा यांपैकीं कशाचीही वाण नव्हती. शाळामास्तर होण्याचा विचार त्यांच्या स्वप्नांतही नव्हता.

१६७९ सालीं रूआँ शहराहून आद्रियाँ नीएल नांवाचे एक गृहस्थ रीम्सला आले. गरीब मुलांसाठीं फुकट शाळा काढण्याचा त्यांचा उद्योग होता. ला साल यांनीं त्यांना ओळखीपाळखीची मदत केली, व एक शाळा सुरू झाली. आपलें काम येथें संपलें असें ला साल यांना वाटलें. परंतु नीएल यांचा पिंड शाळा उघडण्याचा होता, चालविण्याचा नव्हता. एक शाळा उभी राहिली न राहिली तोंच ते दुसऱ्या शाळेच्या मागें लागत. त्यांनीं जमविलेले शिक्षक अर्धशिक्षित, अननुभवी व एकटे पडलेले असत. त्या काळीं गरिबांच्या मुलांना अक्षरें शिकविणाऱ्या मनुष्यास समाजांत मान नव्हता. प्रथम आपणही या शिक्षकांस घरच्या नोकराहून खालचे समजत होतों, आणि या कामाचा शेवट कोठें होणार हें आधीं कळतें तर आपण त्यांत हातच घातला नसता, असें ला साल यांनींच पुढें लिहून ठेविलें आहे. हा कबुलीजबाब महत्त्वाचा आहे. पाचारण त्यांना आवडीच्या रूपानें आलें नाहीं. प्रथम तें नावडीच्या रूपानें आलें.

तरीही शिक्षकांची आबाळ पाहून त्यांना स्वस्थ बसवेना. आधीं त्यांनीं शिक्षकांच्या जेवणाची सोय केली, आणि १६८१ च्या जूनमध्यें त्यांना आपल्या स्वतःच्या घरांत राहावयास आणलें. नातलग संतापले. घराण्याच्या पंक्तीला हे कोण, असा प्रश्न निघाला. दुसऱ्या वर्षीं ला साल यांनीं वडिलोपार्जित घर सोडलें, आणि शिक्षकांसह ते एका भाड्याच्या घरांत राहावयास गेले.

यानंतर जो प्रसंग आला तो या साऱ्या विषयाचा गाभा आहे. शिक्षकांना उद्यांची चिंता वाटे. उपदेश म्हणून ला साल यांनीं त्यांना परमेश्वराच्या कृपेवर भरंवसा ठेवण्यास सांगितलें. तेव्हां शिक्षकांनीं त्यांना उलट ऐकविलें कीं, तुमच्यापाशीं पद आहे, मालमत्ता आहे. शाळा बुडाली तर आमचें मात्र सर्व बुडेल. हें बोलणें ला साल यांना झोंबलें; पण त्यांनीं तें उद्धटपणा म्हणून झटकून टाकलें नाहीं. त्यांतलें सत्य त्यांना पटलें. १६८३ सालीं त्यांनीं कॅननचें पद सोडलें, आणि तें आपल्या भावाला मिळावें ही घरच्यांची अपेक्षा असतांही एका गरीब धर्मगुरूस दिलें. पुढें दुष्काळ पडला तेव्हां आपली मालमत्ता त्यांनीं भुकेलेल्यांस वांटून टाकली. आतां ते आणि त्यांचे शिक्षक एकाच पातळीवर आले होते. त्या मंडळींनीं 'मास्तर' हें नांव टाकून 'ब्रदर', म्हणजे भाऊ, हें नांव घेतलें. एकमेकांचे भाऊ, आणि शिकावयास येणाऱ्या मुलांचे थोरले भाऊ, हा त्या नांवाचा आशय होय.

मग ब्रदरांनीं फादर कां होऊं नये? हा प्रश्न ला साल यांच्यापुढेंही आलाच. आपल्यामागें संस्था संभाळावयास एक तरी ब्रदर धर्मगुरु असावा असें त्यांना प्रथम वाटत होतें. त्यासाठीं ब्रदर आँरी या गुणी सहकाऱ्यास ते तयार करीत होते. १६९० च्या सुमारास ब्रदर आँरी अकस्मात् वारले. ला साल यांना मोठा धक्का बसला. त्या दुःखांतून त्यांचा जो निश्चय झाला तो असा कीं, या संस्थेंत कोणीही धर्मगुरु असूं नये. पुढें नियमांतही तसें लिहिलें गेलें. ब्रदरांनीं धर्मगुरुपदाची इच्छा धरूं नये. लॅटिन येत असली तरी ती वापरूं नये. चर्चमधील विधींत मानाची जागा घेऊं नये. बाहेरून पाहणाराला हे निर्बंध विचित्र वाटतील. परंतु त्यांतील हेतु सरळ होता. ज्या शिक्षकाचें चित्त वरच्या पायरीवर लागलें आहे तो खालच्या वर्गांतील मुलांकडे पुरतेपणीं पाहात नाहीं. एक ब्रदर वेदीपाशीं गेला कीं, तेवढा वेळ एका वर्गाला शिक्षक नाहीं. लॅटिनऐवजीं मुलांच्या मातृभाषेंत, म्हणजे फ्रेंचमध्यें, वाचन शिकवावें हा त्यांचा आग्रहही याच मुळांतून आला; कारण गरिबाचें पोर शाळेंत थोडींच वर्षें टिकणार, त्यांत त्याला उपयोगी पडेल तेंच आधीं शिकविलें पाहिजे. तेव्हां 'फादर कां नाहीं?' या प्रश्नाचें उत्तर असें आहे कीं, ब्रदर हा फादरपदापर्यंत न पोंचलेला मनुष्य नव्हे. मुलांकडे अखंड लक्ष राहावें म्हणून त्यानें ती वाट आपण होऊन बाजूस ठेविलेली असते.

ही दृष्टि आजही मान्य आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ च्या आदेशानें ब्रदरांचें जीवन हें स्वतःच परिपूर्ण असें व्रतजीवन आहे असें सांगितलें, आणि इच्छा असल्यास अशा संस्थांनीं आपल्या घरांच्या गरजेपुरते कांहीं धर्मगुरु करावे अशी मोकळीकही दिली. ला साल यांच्या संस्थेनें १९६६-६७ च्या महासभेंत विचार करून ती मोकळीक घेतली नाहीं. २०१५ सालीं व्हॅटिकननें ब्रदरांच्या स्वरूपाविषयीं व कार्याविषयीं एक स्वतंत्र पत्रक काढून बंधुभाव हेंच त्यांचें विशेष लक्षण असल्याचें मांडलें.

ब्रदर आँरींच्या मृत्यूच्या सुमारास संस्थाच मोडकळीस आली होती. पुष्कळ ब्रदर सोडून गेले; ला साल स्वतः आजारी पडले. २१ नोव्हेंबर १६९१ रोजीं त्यांनीं निकोला व्हीयार व गाब्रिएल द्रोलँ या दोन ब्रदरांसह गुप्तपणें शपथ घेतली कीं, भीक मागावी लागली व नुसत्या पावावर राहावें लागलें तरी हें काम सोडावयाचें नाहीं. १६९४ च्या जूनमध्यें बारा ब्रदरांनीं त्यांच्यासह जन्मभराचीं व्रतें घेतलीं. नीएल यांची गांठ पडल्यापासून या दिवसापर्यंत पंधरा वर्षें गेलीं होतीं. पाचारण एका दिवसांत कळत नाहीं याला याहून मोठा दाखला नको.

इतकेंही करून संशय संपले नाहींत. उतारवयांत कोर्टकज्जे, निंदा व आप्तांचा दुरावा यांनीं ला साल खचले. आपणच या कार्यांतील अडचण आहोंत असें त्यांना वाटूं लागलें, आणि ते पॅरिसपासून दूर दक्षिणेकडे गेले. ग्रनोब्ल येथें त्यांनीं एका ब्रदराच्या जागीं स्वतः वर्गावर उभें राहून लहान मुलांस शिकविलें. तेव्हां १ एप्रिल १७१४ रोजीं पॅरिसकडील प्रमुख ब्रदरांनीं त्यांना पत्र लिहून, ज्या मंडळीच्या आज्ञेंत राहण्याचें व्रत त्यांनीं घेतलें होतें त्या मंडळीच्या नांवानें परत येण्याची आज्ञा केली. संस्थापकाला त्याच्याच अनुयायांनीं आज्ञा करावी, आणि त्यानें ती मानावी, हा प्रसंग दुर्मिळ होय. ते परतले, आणि ७ एप्रिल १७१९ रोजीं, गुड फ्रायडेच्या दिवशीं, रूआँ येथें वारले. त्या वेळीं संस्थेंत सुमारें शंभर ब्रदर होते. १९०० सालीं पोपांनीं त्यांस संतपद दिलें, व १९५० सालीं शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केलें.

या चरित्रांतून तरुणानें घ्यावयाचा बोध तीन वाक्यांत सांगतां येईल. एक, पाचारण बहुधा दुसऱ्याच्या गरजेच्या रूपानें दाराशीं येतें. दोन, त्याचा खरेपणा आपण काय बोलतों यावरून नव्हे, काय सोडावयास तयार होतों यावरून ठरतो. तीन, त्याचा निवाडा एकट्यानें करावयाचा नसतो. स्वतःला दिसेनासें झालेलें पाचारण कधीं कधीं सोबत्यांना दिसत असतें.

आतां प्रत्यक्ष पारख कशी करावी? कॅथलिक परंपरेंत याचें एक शास्त्रच आहे, आणि त्याची मुख्य मांडणी लोयोलाचे संत इग्नेशियस यांची. १५२१ सालीं पांप्लोना येथील लढाईंत तोफेच्या गोळ्यानें पाय मोडल्यामुळें हा स्पॅनिश सरदार अंथरुणाला खिळला. वेळ घालविण्यासाठीं तो कधीं शौर्याच्या व दरबारी थाटाच्या कल्पना करी, कधीं वाचलेल्या संतचरित्रांचें चिंतन करी. दोन्ही वेळीं मन रमे. परंतु पहिल्या प्रकारच्या कल्पना ओसरल्यावर मन कोरडें पडे, दुसऱ्या प्रकारच्या ओसरल्यावरही समाधान टिके. हा फरक त्याच्या ध्यानांत आला, आणि त्यावर पुढें त्यानें 'आध्यात्मिक साधना' हा ग्रंथ रचला; १५४८ मध्यें त्यास पोपांची मान्यता मिळाली. त्यांतील व्यवहारोपयोगी सूचना आजही दिल्या जातात. मन खिन्न असतां आधीं केलेला निश्चय बदलूं नये. आपल्यासारख्याच परिस्थितींतील अनोळखी मनुष्यानें सल्ला विचारला असतां आपण त्याला काय सांगितलें असतें, याचा विचार करावा. मृत्यूच्या क्षणीं आपण कोणता निर्णय घेतलेला असावा असें आपणांस वाटेल, तेंही पाहावें. आणि हें सर्व एकाद्या अनुभवी मार्गदर्शकाजवळ मोकळेपणानें बोलावें.

मार्गदर्शक प्रथम हेतु तपासतो. परीक्षेंत अपयश आलें, लग्न मोडलें, घरांत भांडण झालें, म्हणून मठाचें दार ठोठावणें हें पाचारण नव्हे. तें पलायन होय. आईनें केलेला नवस फेडण्यासाठीं कोणी आला असेल तर तें पाचारण आईचें, मुलाचें नव्हे. एकाद्या आवडत्या ब्रदराविषयींचा आदर ही चांगली सुरुवात असूं शकते. पण तो ब्रदर उद्यां दुसऱ्या गांवीं बदलून गेला तरी ओढ राहते का, हें पाहावें लागतें. ज्याला संसार नकोसा वाटतो त्याच्यापेक्षां, संसाराची गोडी ओळखून व पोटापुरतें मिळविण्याची कुवत अंगीं असूनही जो ही वाट निवडतो, त्याच्यावर अधिक भरंवसा ठेवतां येतो.

दुसरी तपासणी स्वभावाची. चार भिन्न प्रकृतीच्या माणसांबरोबर रोज एका ताटाला बसतां येतें का? वडीलधाऱ्यांची आज्ञा ऐकतां येते का, आणि त्यांचें चुकतें आहे तेथें नम्रपणें तसें सांगतांही येतें का? एकांत सोसतो का? प्रकृति धड आहे का? या चौकशा क्षुल्लक दिसतात. पण व्रतजीवन मोडतें तें बहुधा याच ठिकाणीं.

तिसरी तपासणी शिक्षक-ब्रदरांच्या बाबतींत विशेष महत्त्वाची आहे, आणि ती वर्गांतच होते. प्रार्थनेंत रंगणारा तरुण चाळीस मुलांच्या गोंगाटांतही रंगेल असें नाहीं. ला साल व त्यांचे ब्रदर यांनीं अनुभवांतून शाळा चालविण्याची एक पद्धति लिहून काढली. तिची हस्तलिखित प्रत १७०६ ची आहे आणि ती १७२० मध्यें छापली गेली. तींत मुलांच्या योग्यतेप्रमाणें गट कसे पाडावे, लांकडी खुणेच्या साधनानें न बोलतां वर्ग कसा चालवावा, गैरहजर मुलाची चौकशी कशी करावी, इतकेंच नव्हे तर प्रत्येक मुलाच्या गुणदोषांची नोंद कशी ठेवावी, असे बारीकसारीक तपशील आहेत. ज्याला हे तपशील कंटाळवाणे वाटतात त्यानें ब्रदर होण्याआधीं थांबून विचार करावा. हुशार मुलाला शिकविण्यांत आनंद कोणालाही होतो. मंद, मळकट व उनाड मुलगा आज आला नाहीं म्हणून ज्याच्या जिवाला चैन पडत नाहीं, त्याच्या ठिकाणीं या पाचारणाची खूण आहे असें समजावें.

या तपासणीला एक गंभीर बाजू आहे, व ती झांकून ठेवणें योग्य होणार नाहीं. आयर्लंडमध्यें २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या चौकशी आयोगाच्या अहवालानें, शिक्षक-ब्रदरांसह अनेक धार्मिक संस्थांनीं चालविलेल्या निवासी शाळांत व वसतिगृहांत मुलांवर वर्षानुवर्षें झालेले अत्याचार जगापुढें मांडले. संस्थेच्या अब्रूसाठीं तक्रारी दाबल्या गेल्या होत्या. यावरून जो धडा घ्यावयाचा तो स्पष्ट आहे. पाचारणाची पारख केवळ उमेदवाराच्या सुखासाठीं नसते. ज्या मुलांचा विश्वास त्याच्या हातीं पडणार त्यांच्या रक्षणासाठींही असते. अयोग्य उमेदवारास दयेपोटीं किंवा संख्या वाढावी म्हणून ठेवून घेणें हा मुलांवरील अन्याय होय.

म्हणूनच चर्चच्या कायद्यानें या वाटेवर जागोजाग थांबे ठेविले आहेत. 'पी हळद नि हो गोरी' हा न्याय येथें चालत नाहीं. १९८३ च्या धर्मसंहितेप्रमाणें सतरा वर्षें पूर्ण झाल्याखेरीज कोणास उमेदवारीच्या मुख्य कालांत, म्हणजे नव्हिशिएटमध्यें, घेतां येत नाहीं. विवाहबंधन कायम असलेला मनुष्य चालत नाहीं. फेडतां न येणारें कर्ज डोक्यावर असलेलाही चालत नाहीं. जबरदस्तीनें, भीतीनें किंवा फसवणुकीनें झालेला प्रवेश मुळांतच रद्द ठरतो. नव्हिशिएट निदान बारा महिन्यांचें असावें लागतें, व दोन वर्षांहून अधिक लांबवितां येत नाहीं. या काळांत उमेदवार केव्हांही मोकळेपणानें घरीं जाऊं शकतो, आणि संस्थाही त्याला परत पाठवूं शकते. त्यानंतर ठराविक मुदतीचीं व्रतें. ही मुदत तीन वर्षांहून कमी व साधारणतः सहा वर्षांहून अधिक नसते, आणि विशेष कारण असल्यास एकूण नऊ वर्षांपर्यंत वाढवितां येते. इतकें झाल्यावर, आणि वयाचीं एकवीस वर्षें पूर्ण झालेलीं असल्यासच, जन्मभराचीं व्रतें. पहिल्या व्रतांपूर्वीं आपल्या मालमत्तेची व्यवस्था दुसऱ्याच्या हातीं सोंपवावी लागते, व जन्मभराच्या व्रतांपूर्वीं मृत्युपत्र करावें लागतें. वरिष्ठांनाही एक बंधन आहे: उमेदवारानें आपलें अंतःकरण उघडें करावें म्हणून त्यांनीं त्याच्यावर कोणत्याही प्रकारें दडपण आणूं नये.

इतक्या पायऱ्या कां, हें पालकांनीं समजून घेतलें तर त्यांची निम्मी भीति जाईल. मुलगा आज नव्हिशिएटमध्यें गेला म्हणजे तो कायमचा हातचा गेला असें नाहीं. त्याला व संस्थेला एकमेकांस पारखावयाचीं वर्षें सुरू झालीं, एवढेंच. त्याचप्रमाणें तेथून कोणी परत आला तर त्यांत लाजिरवाणें कांहीं नाहीं. आपलें पाचारण दुसरीकडे आहे हें प्रामाणिकपणें ओळखणें हेंही त्या पारखीचेंच फळ आहे. दुर्दैवानें परत आलेल्या मुलाला शेजारीपाजारी व नातलग टोमणे मारतात. आणि त्या टोमण्यांच्या भीतीनें एकादा अयोग्य तरुण तेथेंच राहतो. त्याचें नुकसान मग तो एकटाच भोगीत नाहीं. त्याच्या वर्गांतील मुलेंही भोगतात.

शिक्षण हें पगाराचें काम कीं व्रत, हा वाद महाराष्ट्राला नवा नाहीं. १८८४ सालीं पुण्यांत स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदांनीं वीस वर्षें अल्प वेतनावर शिकविण्याचें पतकरलें होतें. गोपाळ कृष्ण गोखले त्यांपैकींच एक. सभासदांनीं बाहेरची मिळकत करावी कीं नाहीं यावरून त्या मंडळींत तीव्र मतभेद झाले, व लोकमान्य टिळक १८९० सालीं तेथून बाहेर पडले. तीं माणसें गृहस्थाश्रमी होतीं, आणि त्यांची प्रतिज्ञा मुदतीची होती. ब्रदराची प्रतिज्ञा अखेर जन्माची असते, आणि तिच्यांत घर, मूलबाळ व मिळकत यांना जागा नसते. परंतु दोन्हींकडे कसोटी एकच दिसते: त्याग जाहीर करणें सोपें, तो महिन्यामागून महिना व वर्षामागून वर्ष पाळणें अवघड. ला साल यांच्या संस्थेंत नेहमींच्या तीन व्रतांबरोबर गरिबांच्या शिक्षणासाठीं एकत्र राहण्याचें आणि संस्थेंत टिकून राहण्याचें अशीं आणखी दोन व्रतें घेतलीं जातात, तीं याच अडचणीसाठीं होत.

तेव्हां एकाद्या घरांतील तरुणानें ब्रदर होण्याची इच्छा बोलून दाखविली, तर घरच्यांनीं लगेच हर्षही करूं नये, व आकांतही करूं नये. त्याला वर्षभर एकाद्या गरीब वस्तींतील मुलांना शिकवूं द्यावें. त्यानंतर त्याला दोनच गोष्टी विचाराव्या: त्या मुलांपैकीं कितींचीं नांवें तुला ठाऊक आहेत, आणि जीं शिकलीं नाहींत त्यांच्याविषयीं तुला काय वाटतें? पहिल्या प्रश्नाला तो न अडखळतां उत्तर देईल, आणि दुसऱ्या प्रश्नावर कांहीं वेळ गप्प राहील, तर त्याला पुढें जाऊं देण्यास हरकत नाहीं. त्याच्या पाचारणाचा अंतिम निवाडा पुढील वर्षें करतीलच.